राजवाड्याचे मागील दार

पदच्युत राजघराण्यांविषयी माणसाच्या मनात एक विलक्षण ओढ असते. राजा सिंहासनावर असतो तोवर रयत त्याच्या करांखाली पिचलेली असते. तो खाली आला की त्याच रयतेची नातवंडे त्याच्या कथा वाचून डोळे पुसतात. रशियाचा झार दुसरा निकोलस याने मार्च १९१७ मध्ये राज्यत्याग केला. पुढे त्याला सहकुटुंब सैबेरियातील टोबोल्स्क येथे व तेथून एकातेरिनबुर्ग येथे नजरकैदेत ठेवण्यात आले आणि १६ व १७ जुलै १९१८ च्या मधल्या रात्री, एका व्यापाऱ्याकडून ताब्यात घेतलेल्या घराच्या तळघरात, राजा, राणी, चार मुली, आजारी मुलगा व त्यांचे चार सेवक अशा ११ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. या एका रात्रीवर किती ग्रंथ, किती नाटके, किती चित्रपट निघाले याची गणती नाही. अनास्तासिया ही धाकटी राजकन्या वाचली, अशा समजुतीवर तर एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. तिच्या नावाने वावरणाऱ्या एका स्त्रीचा दावा १९९४ मध्ये डीएनए परीक्षणाने खोटा ठरला. राहिलेल्या दोन मुलांचे अवशेष २००७ मध्ये सापडले. तरी त्या कथेची गोडी काही ओसरली नाही.

या गोडीत वावगे काय, असे कोणी विचारील. दुःखितांविषयी कणव वाटणे हा तर ख्रिस्ती मनाचा धर्म. परंतु कणवेचीही पारख करावी लागते. मोत्यांचा हार तुटला म्हणून येणारे रडू आणि माणूस मोडला म्हणून येणारे रडू ही दोन्ही डोळ्यांतूनच वाहतात. त्यांचे उगम मात्र निराळे असतात. साहित्य आपल्याला यांपैकी कोणते रडू शिकवते, हा समीक्षेचा प्रश्न आहे, आणि आम्हांस वाटते, तो श्रद्धेचाही प्रश्न आहे.

ही पारख करण्यासाठी रशियापर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर, रत्नागिरी येथे, एका परदेशी राजघराण्याने ३० वर्षांहून अधिक काळ बंदिवास भोगला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, त्याची राणी सुपयालत, धाकटी राणी आणि चार राजकन्या यांची ती कहाणी. तिच्यावर दोन महत्त्वाची इंग्रजी पुस्तके आहेत. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी २००० साली आली. मुंबईच्या सुधा शहा यांचे ‘द किंग इन एक्झाइल’ हे चरित्र २०१२ साली आले. घोष यांची कादंबरी वाचूनच शहा यांच्या मनात या घराण्याविषयी कुतूहल जागे झाले आणि त्यांनी अनेक वर्षे खपून कागदपत्रे धुंडाळली. एक कलाकृती, दुसरा तिच्यातून उगवलेला शोध. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली असता जे दिसते, ते वाचकांपुढे मांडण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम इतिहास थोडक्यात पाहू. राजा मिंडोन १८७८ मध्ये वारला आणि एकोणीस वर्षांचा थिबा गादीवर आला. लहानपणी तो मंडाले येथे डॉक्टर मार्क्स या अँग्लिकन मिशनऱ्याच्या शाळेत काही काळ शिकला होता; पुढे मठात राहून त्याने पाली धर्मग्रंथांची परीक्षा दिली होती. स्वभावाने तो सौम्य होता, असे सांगतात. तरीही फेब्रुवारी १८७९ मध्ये, गादीला कोणी वाटेकरी उरू नये म्हणून, राजघराण्यातील सुमारे ८० स्त्रीपुरुषांची व मुलांची राजवाड्याच्या आवारात कत्तल झाली. राणीची आई आणि काही मंत्री यांचा हात त्यामागे होता. राजाचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद असतील. पण सत्ता ज्याच्या नावे चालत होती त्याला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय नसते.

पुढचा भाग आपल्या जंगलपट्टीतील वाचकांस लवकर उमजेल, कारण त्याच्या मुळाशी सागवान आहे. ब्रह्मदेशातील सागाच्या तोडीचा ठेका बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीकडे होता. ओंडके कमी दाखवून कंपनीने राज्याचा महसूल बुडविला, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रेंचांशी चाललेली थिबाची जवळीक इंग्रजांना आधीच खुपत होती. आता निमित्त मिळाले. नोव्हेंबरात सैन्य इरावती नदीतून वर गेले आणि पंधरवड्यात राजधानी पडली. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजाराणीला बैलगाड्यांतून नदीवर नेऊन आगबोटीत चढविण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी त्यांचा देश ब्रिटिश राज्यात विलीन झाला. काही महिने मद्रासेत काढल्यावर एप्रिल १८८६ मध्ये कुटुंब रत्नागिरीस आले. भाड्याच्या बंगल्यांत वर्षे गेली. १९१० मध्ये नवा राजवाडा राहावयास मिळाला. १९१२ मध्ये धाकटी राणी वारली आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजाही वारला. १९१९ मध्ये राणीला व मुलींना मायदेशी जाऊ दिले. राजाचे शव मात्र रत्नागिरीच्या समाधीतच राहिले. याच इंग्रजांनी दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला पाठविले होते आणि तो १८६२ मध्ये तेथेच वारला होता. दोन राजे, दोन परक्या भूमी, एकच हिशेब.

आता घोष यांच्या कादंबरीकडे वळू. तिचे पहिले मोठे यश असे की, राजवाडा पडतो तो प्रसंग तिने राजाच्या डोळ्यांनी दाखविलेला नाही. तो दिसतो राजकुमार नावाच्या अकरा वर्षांच्या अनाथ बंगाली मुलाला. तो मंडालेतील एका खाणावळवजा टपरीवर काम करतो, तोफांचा आवाज त्याला प्रथम ओळखू येतो आणि लुटीच्या गर्दीतून तोही राजवाड्यात शिरतो. तेथे त्याला डॉली भेटते. राजकन्यांना सांभाळणारी, स्वतःच अजून लहान असलेली एक दासी. लेखकाने कादंबरीचे नायकनायिका म्हणून या दोघांना निवडले, यात त्याची सारी दृष्टी सामावली आहे. राजवाड्याच्या महाद्वारातून मिरवणुका जातात. पण घरातले खरे माणूस मागील दाराने ये-जा करते. घोष त्या मागील दाराशी उभे राहिले. त्यामुळे सुपयालतचा ताठा, थिबाचे मौन, रत्नागिरीच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन समुद्रावरील होड्या न्याहाळत बसलेला तो राजा, ही चित्रे करुण होतात, पण लाचार होत नाहीत.

दुसरे यश त्याहून अवघड आहे. मंडाले जिंकणाऱ्या सैन्याचा मोठा भाग हिंदी शिपायांचा होता. चार पैशांसाठी परक्याच्या हुकुमाने तिसऱ्याच्या घरावर चालून जाणारा हा आपला माणूस कोण, हा प्रश्न कादंबरी सुरुवातीलाच विचारते. तो प्रश्न तिने सयाजॉन या पात्राच्या तोंडी घातला आहे. हा सयाजॉन म्हणजे कॅथोलिक धर्मगुरूंनी मलाक्का येथे वाढविलेला एक अनाथ. ख्रिस्ती नाव, चिनी चेहरा आणि शिपायांच्या सहवासात शिकलेली हिंदुस्थानी भाषा. आमच्या वाचकांना हे पात्र जवळचे वाटेल. चर्चच्या पायरीवर वाढलेला हा माणूस संत नाही, व्यापारी आहे. पण माणसाकडे पाहून त्याला प्रश्न पडतात. रत्नागिरीच्या भागात राजघराण्यावर देखरेख ठेवणारा कलेक्टरही लेखकाने भारतीयच रंगविला आहे. हुकूम इंग्रजांचा आणि तो ऐकवणारे तोंड आपल्या माणसाचे, ही ती व्यवस्था. परक्याचे पाप सांगणे सोपे असते. त्या पापाला आपण लावलेला हातभार सांगावयास धैर्य लागते. ते या कादंबरीत आहे.

एवढेच नव्हे. पुढे हाच राजकुमार सागाच्या व्यापारात धनिक होतो, हिंदुस्थानातून मजुरांच्या झुंडी परदेशी नेतो आणि रबराच्या मळ्यावरील एका कष्टकरी बाईवर मालकी हक्काने हात टाकतो. तिला मूल होते. ज्या पोराने राजवाडा लुटला जाताना पाहिला, तोच आता एक लहानसा राजा झाला आहे आणि त्याच्याही राजवाड्याला मागील दार आहे. सत्ता उलथली म्हणजे पाप उलथले असे होत नाही, ही गोष्ट कादंबरी उपदेश न करता सांगते. रशियन क्रांतीविषयी जे भाबडेपणाने लिहिले गेले, मग ते झारच्या बाजूने असो वा क्रांतीच्या, त्याला हे एक चांगले उत्तर आहे.

पण कादंबरीत उणिवाही आहेत. १८७९ ची कत्तल तिने थोडक्यात उरकली आहे. ती वाचून वाचक क्षणभर शहारतो आणि राणीच्या रुबाबाकडे वळतो. मेलेल्या ऐंशी जणांपैकी एकालाही चेहरा मिळत नाही. ज्या लेखकाने दासीला चेहरा दिला, त्याने तेथे का थांबू नये? दुसरे असे की, कथेचा पसारा १९९६ पर्यंतचा आणि रंगून, मलाया, कलकत्ता असा पसरलेला असल्यामुळे रत्नागिरीचे घर लेखकाच्या हातून निसटते. थोरल्या राजकन्येचे एका नोकराशी जडलेले नाते तो रंगवितो, तिच्या मातृत्वाचा गौप्यस्फोट करतो आणि पुढे निघून जातो. त्या नात्यातून जन्मलेल्या मुलीच्या पुढील आयुष्याकडे कादंबरी वळत नाही. आमच्या मते या साऱ्या कहाणीचे खरे हृदय ती मुलगी आहे.

त्या मुलीकडे जाण्यासाठी सुधा शहा यांचे चरित्र हाती घ्यावे लागते. त्यात राजाच्या पत्रांपासून पणतवंडांच्या आठवणींपर्यंत सारे आले आहे. राजा सरकारला अर्जांवर अर्ज करतो. कधी तनखा वाढवा म्हणून, कधी मुलींची लग्ने व्हावीत म्हणून. दागिने एकेक करून विकले जातात. राजवाडा मिळतो, पण राज्यही नाही आणि काम तर मुळीच नाही. रिकामपण हा बंदिवासातील सर्वांत मोठा तुरुंगाधिकारी असतो, हे या चरित्राच्या पानापानांतून जाणवते. मुलींना मनाजोगते शिक्षण नाही, समवयस्क मैत्रिणी नाहीत, बाहेरच्या जगाशी नाते नाही. अशा घरात थोरल्या राजकन्येचे मन वाड्यावर पहारा करणाऱ्या गोपाळ सावंत याच्यावर बसले. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. तिचे नाव टुटू.

१९१९ मध्ये टुटू आईबरोबर ब्रह्मदेशात गेली; परंतु काही काळाने मायलेकी रत्नागिरीस परतल्या. राजकन्या १९४७ मध्ये दारिद्र्यात वारली. टुटूने शंकर पवार या मराठी माणसाशी संसार केला, मुले वाढविली, मराठी बोलत आयुष्य काढले. राजाची ही नात गोवऱ्या थापी, कागदाची फुले करून विकी. ती २००० साली वारली. ‘द ग्लास पॅलेस’ प्रसिद्ध झाली तेच हे वर्ष. जिच्या आजोबांच्या आरशांच्या महालावरून पुस्तकाला नाव मिळाले, ती ते नाव सातासमुद्रापार गाजत असताना रत्नागिरीतील एका साध्या घरात डोळे मिटत होती. एवढा मोठा उपरोध कोणा कादंबरीकाराने कल्पनेने रचला असता, तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

शहा यांचा मोठेपणा असा की, त्या टुटूपाशी थांबतात. तिला त्या ‘शोकांत राजकन्या’ करीत नाहीत. तिच्या कष्टांचा, तिच्या शेजाराचा, तिच्या मुलांच्या ओढगस्तीचा वृत्तांत साध्या शब्दांत देतात. इतर राजकन्यांच्या वाटाही त्या दाखवितात. दुसरीने आईच्या मर्जीविरुद्ध लग्न केले आणि पुढे कालिंपाँग येथे आयुष्य घालविले. चौथी घराण्याच्या हक्कांसाठी सरकारशी भांडली, तिला मोलमेनला पाठविण्यात आले व तेथेच ती १९३६ मध्ये वारली. चार बहिणी, चार वाटा. आणि त्यांपैकी सर्वांत खाली उतरलेली वाट लेखिकेने सर्वांत आस्थेने चालून पाहिली.

तरीही एक उणीव आम्हांस खटकते. गोपाळ सावंत हा विवाहित होता. त्याची बायको होती, संसार होता. चरित्रात हे नमूद आहे, पण वृत्तांत पुढे सरकतो. राजकन्येच्या एकाकीपणाला पाने मिळतात. गोपाळच्या लग्नाच्या बायकोला ओळी. धर्मग्रामात काम करणाऱ्यास ठाऊक असते की, प्रत्येक प्रेमकथेच्या पाठीमागे, चुलीपाशी बसून काही न बोललेले एक माणूस असते. राजकन्येला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या मुलीला सारे आयुष्य भिंतीआड डांबले, तिच्या मनाचा न्याय करणे एकट्या परमेश्वरालाच शक्य आहे. परंतु वाड्याच्या फाटकावर पहारा करणाऱ्याच्या घरी त्या दिवसांत काय झाले असेल, हा प्रश्न साहित्याने विचारावयास हवा होता. मागील दारालाही आणखी एक मागील दार असते.

येथे १८७९ च्या कत्तलीकडे पुन्हा वळावे लागते. ब्रह्मी राजघराण्यात लग्ने घराण्यातच होत. राजाने आपल्या मुलींसाठी तोलामोलाचे वर मिळेनात म्हणून सरकारकडे किती आर्जवे केली! सरकारचे निर्बंध हे त्यामागील एक कारण खरेच. पण ज्या घराण्यांतून जावई मिळावयाचे त्यांतील कितीतरी जण त्या फेब्रुवारीत मारले गेले होते, हेही तितकेच खरे. गादी सुरक्षित व्हावी म्हणून जी नाती पुसली, त्यांचीच उणीव पुढे लेकींच्या वाट्याला आली.

मात्र हे वाचून ‘पाहा, देवाने शिक्षा दिली’ असे म्हणण्याचा मोह वाचकाने टाळावा. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले लोक इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न प्रभू येशूने लूककृत शुभवर्तमानात स्वतःच विचारला आहे, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले आहे. जन्मांधाविषयीही त्याने तेच शिकविले. टुटूने कोणाचा घात केला होता? पाप आपली फळे देते, हे खरे. पण ती फळे बहुधा ज्यांनी झाड लावले नाही त्यांच्या ओटीत पडतात. म्हणूनच पाप भयंकर आहे. शिक्षेचा हिशेब मांडणारे साहित्य आणि परिणामांचा शोध घेणारे साहित्य यांत हे अंतर आहे. शहा यांचे पुस्तक दुसऱ्या प्रकारचे आहे, म्हणून त्याचे मोल.

रशियन घराण्याच्या कथेतही एक मागील दार आहे आणि ते कॅथोलिक वाचकांनी अवश्य पाहावे. त्या तळघरात मारल्या गेलेल्या चार सेवकांत एक वैद्य होता, एक राणीची दासी, एक आचारी आणि एक आलोइस ट्रुप नावाचा जुना नोकर. हा ट्रुप लाटव्हियाचा आणि धर्माने कॅथोलिक. त्याचा राजाशी रक्ताचा संबंध नव्हता, पंथाचाही नव्हता. तरी तो अखेरपर्यंत सोबत राहिला. परदेशस्थ रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने १९८१ मध्ये राजकुटुंबाबरोबर सेवकांनाही हुतात्म्यांच्या यादीत घेतले आणि त्यांत या कॅथोलिक नोकराचाही समावेश केला. मॉस्कोच्या ख्रिस्तसभेने २००० साली राजकुटुंबाला संतपद दिले, तेव्हा सेवक त्यात नव्हते. हजारो पानांच्या त्या झारसाहित्यात ट्रुपला किती पाने मिळतात, हे ज्याने त्याने चाळून पाहावे.

आपल्या ख्रिस्तसभेनेही एका पदच्युत राजाला वेदीचा मान दिला आहे. ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल १९१८ मध्ये सत्तेवरून गेला, हद्दपार झाला आणि १ एप्रिल १९२२ रोजी मदेरा बेटावर हलाखीत, पत्नी व मुलांच्या सान्निध्यात, न्यूमोनियाने वारला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३ ऑक्टोबर २००४ रोजी त्याला धन्य घोषित केले. त्याचा मुकुट गेला म्हणून हा मान मिळाला नाही. मुकुट असतानाही त्याने पहिल्या महायुद्धात शांततेची खटपट केली आणि मुकुट गेल्यावरही मनात कडवटपणा धरला नाही, म्हणून मिळाला. पतन माणसाला पवित्र करीत नाही. पतन कसे झेलले, यावर सारे अवलंबून असते.

आमच्या या चांदा परिसरात राहणाऱ्यास राजांच्या पतनाचे नवल वाटू नये. चांद्याच्या गोंड राजघराण्याची सत्ता १७५१ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांनी घेतली आणि राजा नीळकंठशहाचे उर्वरित आयुष्य बल्लारपूरच्या किल्ल्यात बंदिवासात गेले. शंभर वर्षे उलटली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. राण्यांच्या डोळ्यांदेखत वाड्यातील जवाहिर, हत्ती, घोडे लिलावात निघाले. ज्यांनी पदच्युत केले ते पदच्युत झाले. ज्यांनी त्यांना केले तेही १९४७ मध्ये आपला झेंडा उतरवून गेले. या सर्व उलथापालथीत सिंदेवाहीच्या बांधावर धान रोवणारी बाई वाकलेलीच राहिली आणि जंगलातील सागवान कोणाच्या ना कोणाच्या हुकुमाने पडतच राहिले. मंडालेच्या राजवाड्याचे खांब सागाचे होते, रत्नागिरीच्या वाड्यातही ब्रह्मदेशी साग आहे. ते ओंडके ओढणाऱ्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

ख्रिस्तसभेच्या सायंप्रार्थनेत दररोज पवित्र मरियामातेचे स्तोत्र म्हटले जाते. त्यात देव सत्ताधीशांना आसनांवरून खाली आणतो असे म्हटले आहे, हे सर्वांच्या ध्यानी राहते. पण ते वाक्य तेथे संपत नाही. लगेच पुढे, तो दीनांना वर उचलतो असेही म्हटले आहे. राजघराण्यांच्या पतनावरील बहुतेक साहित्य पहिल्या अर्ध्यावर थांबते. कोणी तेथे थांबून रडतो, कोणी तेथे थांबून टाळ्या वाजवितो. दोघेही स्तोत्र अर्धेच म्हणतात. क्रांतीची गाणी गाणाऱ्यांनी एकातेरिनबुर्गच्या तळघरात त्या आजारी मुलाला मारले, तेव्हा त्यांनी आसने रिकामी केली. परंतु उचलले कोणाला?

या कसोटीवर आमचा अभिप्राय असा आहे. घोष यांची कादंबरी कलाकृती म्हणून श्रेष्ठ आहे आणि दीनांना वर उचलण्याची तिची बुद्धी सच्ची आहे. मात्र पसाऱ्याच्या ओढीने ती ज्यांना उचलते त्यांतील काहींना वाटेतच खाली ठेवते. शहा यांचे चरित्र कलेच्या दृष्टीने साधे, जागोजागी पत्रव्यवहाराने जडावलेले आणि तनख्यांच्या आकड्यांत रेंगाळणारे आहे. परंतु ते टुटूच्या दारापर्यंत पोहोचते आणि तेथे बूट काढून आत जाते. एकच पुस्तक वाचावयाचे असेल तर कादंबरी वाचावी. दोन वाचावयाची असतील तर चरित्र नंतर वाचावे, म्हणजे कादंबरीने उघडलेली जखम नुसती उघडी राहणार नाही.

ही पुस्तके इंग्रजीत आहेत, ही अडचण आम्ही जाणतो. तथापि आपल्या घरांतील महाविद्यालयीन मुलामुलींना ती वाचता येतील. त्यांनी ती वाचून संध्याकाळच्या जपमाळेनंतर आईवडिलांना, आजीआजोबांना त्यातील गोष्ट सांगावी. सांगताना राजाच्या माणकांपासून सुरुवात केली तर चालेल. ऐकणाऱ्याचे कान टवकारतील. पण शेवट टुटूपाशी करावा आणि मग घरात एक प्रश्न विचारावा: आपल्या घराच्या मागील दाराने कोण येते? भांडी घासणारी, धान कापणारी, लाकडाची मोळी टाकून जाणारी जी बाई आहे, तिचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे, राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस येऊन थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. देशाने आपल्या राजाची आठवण ठेवली, हे योग्यच झाले. राजांच्या समाध्या शोधावयास राष्ट्राध्यक्ष येतात, संशोधक येतात, प्रवासी येतात. गोवऱ्या थापणाऱ्या नातीकडे मात्र कोणीतरी वाट वाकडी करून जावे लागते. चांगले साहित्य ती वाट वाकडी करते. आणि आमच्या समजुतीप्रमाणे, गोठ्यात जन्मलेल्या राजाचे अनुयायी म्हणविणाऱ्यांची नेहमीची वाटही तीच असावयास हवी.